कांचेच्या पेटींतील समुद्र

गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीशीं आपल्यापैकीं पुष्कळांचा परिचय असतो. एक कांचेची पेटी, थोडी वाळू, दोन पाणवनस्पति आणि चार सोनेरी मासे एवढ्या साहित्यावर तिचा प्रपंच चालतो. आणि मालक अगदींच निष्काळजी नसला तर तो बरा चालतो. परंतु ज्यानें एकदां खाऱ्या पाण्याची पेटी पाहिली, तिच्यांतील नारिंगी व निळे मासे, खडकांच्या कपारींतून डोकावणाऱ्या कोळंब्या, आणि लाटेबरोबर डुलणारीं प्रवाळें पाहिलीं, त्याचें मन गोड्या पाण्यावर पुन्हां सहसा रमत नाहीं. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि आपल्याकडील कित्येक पिढ्यांना हें वेड प्रथम तेथेंच लागलें. "हें आपल्या घरीं करतां येईल काय?" असें मुलें विचारतात, आणि "याला खर्च किती?" असें त्यांचे वडील विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचें उत्तर "होय" असें आहे. पण त्या "होय"ला कांहीं अटी आहेत, आणि प्रस्तुत लेखांत मुख्यतः त्या अटींचाच विचार करावयाचा आहे. त्या पाळल्या नाहींत तर हौसेपायीं मरतात ते मुके जीव, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

या छंदाचा थोडा इतिहास पाहिला असतां पुढील गोष्टी समजण्यास सोपें जाईल. १८४६ सालीं अॅना थिन नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या पत्नी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गांवीं राहिल्या होत्या. तेथील कांहीं लहान प्रवाळें लंडनास आपल्या घरीं नेण्याचें त्यांच्या मनांत आलें. प्रवासांत तीं एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून त्यांनीं सुई-दोऱ्यानें टांके घालून तीं एका मोठ्या स्पंजावर बसविलीं. लंडनांत समुद्र कोठला? आणलेलें पाणी थोडें, आणि तें लवकर शिळें होणार. म्हणून तेंच पाणी उघड्या खिडकीशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत रोज अर्धा-पाऊण तास ओतीत राहण्याचें काम घरच्या मोलकरणीस दिलें गेलें. पुढें बाईंनीं पाण्यांत समुद्रवनस्पतिहि ठेवल्या. प्रवाळें जगलीं, इतकेंच नव्हे तर वाढलींहि. आणि १८५९ सालीं बाईंनीं या वाढीची हकीकत एका शास्त्रीय मासिकांत छापविली. नांव बाईंचें राहिलें. हात मात्र त्या मोलकरणीचे होते, आणि आज आपल्या पेट्यांतून जो विजेचा पंप अहोरात्र फिरत असतो तो तिचाच वारस म्हटला पाहिजे.

१८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें सोनमासे, पाणवनस्पति व गोगलगाई एकत्र ठेवून, प्राणी व वनस्पति यांची परस्पर देवघेव नीट बसली म्हणजे पाणी वारंवार न बदलतांहि निर्मळ राहतें, हें दाखवून दिलें. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकानें या विषयावर एक सुंदर सचित्र पुस्तक लिहिलें. तें इतकें लोकप्रिय झालें, कीं घरोघर समुद्रपेट्या दिसूं लागल्या, आणि त्या भरण्यासाठीं लोक किनाऱ्यावर तुटून पडले. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे, कीं त्याच्या बालपणीं जीं खडकांतील डबकीं फुलबागेसारखीं भरलेलीं असत, तीं संग्राहकांनीं ओरबाडून उजाड केलीं. सृष्टीविषयीं प्रेम उत्पन्न व्हावें म्हणून वडिलांनीं पुस्तक लिहिलें, आणि त्या प्रेमानेंच सृष्टीची लूट झाली! ही गोष्ट आपल्यालाहि लागू आहे.

उष्ण समुद्रांतील प्रवाळें घरीं जगविण्यास मात्र आणखी शंभर वर्षें लागलीं. जाकार्ता शहरांतील ली चिन एंग नांवाच्या गृहस्थानें १९६१ सालीं आपली रीति प्रसिद्ध केली. त्याच्या पेटींत मोठीं यंत्रें नव्हतीं. समुद्राचें पाणी, हवेचे बुडबुडे आणि समुद्रांतून आणलेले सजीव खडक एवढेंच त्याचें भांडवल. खडकाच्या छिद्राछिद्रांतून राहणारे सूक्ष्म जीवाणु पाणी शुद्ध करतात हें त्याच्या यशाचें मर्म होतें. आजची सारी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. तिच्याकडे पुढें वळूं.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय तें पाहूं. तें झाड नव्हे व दगडहि नव्हे. तो एक अत्यंत लहान, मऊ शरीराचा, मुखाभोंवतीं स्पर्शिका असलेला प्राणी आहे. आणि असे हजारों प्राणी शेजारीं शेजारीं राहून आपल्या खालीं चुन्याचें घर बांधीत जातात. त्यांच्या शरीरांत एकपेशीय शैवालें वस्तीस असतात. हीं शैवालें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतात आणि त्यांतील बहुतेक भाग यजमानास देतात. यजमान त्यांना आसरा व आपलें टाकाऊ द्रव्य देतो. म्हणूनच प्रवाळखडक उथळ, स्वच्छ व उबदार पाण्यांत वाढतात. परंतु ही भागीदारी फार नाजुक आहे. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल तापमानापेक्षां पाणी एखाद्या अंशानें जरी कांहीं आठवडे अधिक तापलें, तरी शैवालें घर सोडतात, आणि प्रवाळ पांढरें पडून उपासमारीनें मरूं लागतें. लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवर १९९८, २०१० व २०१६ या वर्षीं ही आपत्ति मोठ्या प्रमाणावर आली. समुद्रासारख्या अफाट सांठ्याची ही कथा, तर आपल्या दीडशें लिटरांच्या पेटीची काय, हा विचार प्रत्येकानें करावा.

आपल्या देशांत कच्छचें आखात, मन्नारचें आखात, लक्षद्वीप व अंदमान-निकोबार हीं प्रवाळांचीं मोठीं ठिकाणें होत. महाराष्ट्राच्या वांट्यासहि थोडें आलें आहे. मालवणच्या समुद्रांत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, प्रवाळें आहेत. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर दूर समुद्राच्या पोटांत जें आंग्रिया नांवाचें उंचवट्याचें मैदान आहे, तेथेंहि आहेत. कान्होजी आंग्र्यांचें नांव मिरविणारा हा पाण्याखालचा मुलूख आपल्या मुलांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असतो. खुद्द मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर प्रवाळें आहेत असें सांगितलें तर कोणास खरें वाटणार नाहीं. पण २०२० सालीं किनारी रस्त्याच्या बांधकामाच्या वेळीं तेथील कांहीं वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या.

आतां पहिली अट. वन्य जीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याखालीं २००१ सालापासून खडक बांधणारीं सर्व प्रवाळें, काळें प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखा, तसेच समुद्रघोडा व समुद्रकाकडी हे सर्व वाघाच्या पंक्तीस बसविलेले आहेत. ते समुद्रांतून काढणें, विकणें अथवा विकत घेणें हा गुन्हा आहे. मालवणास सहलीस गेलां असतां खिशांत घातलेला एक पांढरा तुकडाहि यांतून सुटत नाहीं. बाजारांत कोणी "जिवंत खडक" म्हणून आपल्या समुद्रांतील दगड देऊं लागला तर तो घेऊं नये. परदेशांतून आलेलीं, पेटींत वाढविलेलीं प्रवाळें म्हणून कोणी दाखवील, तर रीतसर आयातीचे कागद मागावे, आणि ते नसतील तर पुढें चालूं लागावें. पालकांनीं या बाबतींत मुलांपेक्षांहि कडक असावें. या कारणास्तव आम्ही येथें जी पहिली पेटी सांगत आहोंत, तींत आरंभीं प्रवाळ मुळींच नाहीं. प्रवाळखडकाचें घर आहे, घरमालक नाहीं, असें कोणी थट्टेनें म्हणेल. परंतु ज्यानें असें घर वर्षभर नीट राखलें नाहीं त्याच्या हातीं प्रवाळ देणें म्हणजे पोहतां न येणाऱ्याच्या हातीं होडी देण्यासारखें आहे.

पेटी केवढी असावी? लहान पेटी स्वस्त म्हणून नवशिका ती घेतो, आणि तेथेंच फसतो. पाणी जितकें थोडें तितका त्यांतील बदल झपाट्याचा. तांब्याभर पाणी चुलीवर लवकर उकळतें, घंगाळभर उशिरां, तसेंच हें आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच ही पेटी पहिल्यानें चांगली. तिचें घनफळ पावणेसात घनफूट, म्हणजे सुमारें १९० लिटर होतें. वरचे दोन इंच मोकळे सोडले आणि खडक-वाळूची जागा वजा केली, म्हणजे प्रत्यक्ष पाणी दीडशें लिटरांच्या आसपास राहतें. पाणी, कांच, खडक व वाळू मिळून वजन सव्वादोनशें किलोच्या घरांत जातें. म्हणजे तीन-चार धडधाकट माणसें अहोरात्र एका जागीं उभीं आहेत असें समजावें. तेवढा भार पेलणारें, न डुगडुगणारें व पाणसळीनें तपासलेलें टेबल पाहिजे. खिडकीचें ऊन पेटीवर पडूं नये, कारण त्यानें पाणी तापतें व शेवाळ माजतें.

आतां पाण्याकडे वळूं. समुद्र जवळ असतांना विकतचें मीठ कशाला, असें गिरगांवच्या किंवा वसईच्या मुलास वाटणें साहजिक आहे. पण शहराजवळच्या समुद्रांत सांडपाणी मिसळतें, आणि पावसाळ्यांत नद्या-नाल्यांच्या पुरानें त्याचा खारेपणा खालीं येतो. असलें पाणी पेटीस उपयोगी नाहीं. स्वयंपाकाचें मीठहि चालत नाहीं. समुद्राच्या क्षारांत त्याचा वांटा सर्वांत मोठा असला, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व कार्बोनेट यांवांचून तें पाणी समुद्राचें होत नाहीं. याकरितां सर्व क्षार योग्य प्रमाणांत मिसळलेलें तयार समुद्रमीठ मिळतें तें घ्यावें. दर लिटरास ३५ ग्रॅम हें प्रमाण. दीडशें लिटरांस सव्वापांच किलो झालें. पिशवींतील मिठास थोडी ओल असतेच, म्हणून प्रत्यक्षांत किंचित् अधिक लागतें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन व इतर द्रव्यें असल्यामुळें तें तसेंच वापरूं नये, आर. ओ. यंत्रानें व त्यापुढील राळेच्या गाळणीनें शुद्ध केलेलें पाणी वापरावें. मीठ निराळ्या पिंपांत, पंपानें ढवळीत, एक दिवस आधीं विरघळवून ठेवावें. मासे असलेल्या पेटींत कोरडें मीठ कधींहि टाकूं नये. खारेपणा मोजण्यास साधें तरतें उपकरण चालतें, परंतु त्याहून किरणवक्रतेवर चालणारा मापक अधिक विश्वासू. पाण्याची विशिष्ट गुरुता १.०२५ ते १.०२६ असावी.

येथें एक गोष्ट विसरूं नये. उन्हानें व वाऱ्यानें पेटींतील पाणी उडून जातें, पण मीठ मागें राहतें. भाईंदर-उरणकडील मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें सांगावयास नको. मिठागराचा सारा धंदा त्यावरच चालतो. तीन फुटी पेटींतून दिवसास दीड-दोन लिटर पाणी सहज उडतें. आठवडाभर वरचेवर भर घातली नाहीं तर ३५ चा आंकडा ३८ च्या पुढें जातो. म्हणून रोज उडालेल्या पाण्याची भर गोड्या शुद्ध पाण्यानेंच घालावयाची, खाऱ्या नव्हे. पेटीच्या कांचेवर पाण्याच्या पातळीशीं एक रेघ मारून ठेवावी आणि रोज सकाळीं त्या रेघेपर्यंत पाणी भरावें. घरांतल्या धाकट्या मुलासहि हें काम देतां येतें.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग आला. पेटींत खडक रचावयाचे ते मनुष्यानें बनविलेले, सच्छिद्र सिरॅमिकचे अथवा सिमेंट व चुनखडी यांचे असावे. सिमेंटाचे असल्यास ते कित्येक आठवडे गोड्या पाण्यांत भिजवून, पाणी वरचेवर बदलून, मगच वापरावे. नाहीं तर त्यांतील चुना पाण्याचा आम्ल-अल्कतेचा तोल बिघडवितो. खडक कांचेस न टेकतील, त्यांच्यामागें-पुढें पाणी खेळेल व ते ढांसळणार नाहींत, असे रचावे. खालीं चुनखडीची जाड वाळू एक इंचभर पसरावी. नंतर पाणी, पंप, उष्णतामापक, सर्व चालूं करावें. पेटी आतां पाहण्यास तयार दिसते, आणि खरोखर ती त्या दिवशीं विषाची पेटी होण्याच्या बेतांत असते.

कारण असें. माशाच्या कल्ल्यांतून, त्याच्या विष्ठेंतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया निघतो. समुद्रांत तो पसरून जातो; पेटींत जाणार कोठें? गोड्या पाण्यापेक्षां समुद्राचें पाणी अधिक अल्कधर्मी असतें, आणि अशा पाण्यांत तोच अमोनिया कित्येक पट अधिक घातक होतो. यांतून सुटका करणारे जे जीवाणु, त्यांचा शोध सर्गेइ विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास जमिनींतील मातीचा अभ्यास करतांना लावला. एका जातीचे जीवाणु अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंहि विषच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात. हें मात्र थोडक्या प्रमाणांत असेतोंपर्यंत फारसें बाधत नाहीं. खडकाच्या खोल छिद्रांत, जेथें प्राणवायु पोहोंचत नाहीं तेथें, तिसऱ्या प्रकारचे जीवाणु नायट्रेटाचा कांहीं भाग नत्रवायूंत बदलून हवेंत सोडून देतात. शेतकऱ्याच्या खताच्या खड्ड्यांत जें कार्य चालतें तेंच येथें पाण्यांत चालतें. पण हे जीवाणु सावकाश वाढतात. त्यांची वस्ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या अवधींत पेटींत एकहि मासा नसावा.

मग जीवाणूंस खाण्यास काय? चिमूटभर मत्स्यखाद्य किंवा सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा पेटींत टाकावा. तो कुजून अमोनिया देतो. बाटलींतून विकत मिळणारे जीवाणु घातल्यास काम कांहींसें लवकर होतें. रंगावरून मोजण्याचीं रसायनें मिळतात, त्यांनीं दर दोन दिवसांनीं परीक्षा करून आंकडे वहींत टिपावे. प्रथम अमोनियाचा आंकडा चढेल. मग तो उतरूं लागेल आणि नायट्राइटाचा चढेल. शेवटीं तोहि उतरून नायट्रेट दिसूं लागेल. या तीन रेघा आलेखाच्या कागदावर काढणाऱ्या विद्यार्थ्यास रसायन, जीवशास्त्र व गणित यांचा जो एकत्र पाठ मिळतो तो कोणत्याहि वर्गांत मिळणें कठीण. पुन्हां चिमूटभर खाद्य टाकून पाहावें. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकून राहिले तर पेटी जिवंत झाली.

या सहा आठवड्यांत घरचीं माणसें रोज विचारतील, "अहो, मासे कोठें आहेत?" पाहुणे येऊन रिकाम्या खडकांकडे पाहून हंसतील. दुकानदार म्हणेल, "दोन मासे टाका, कांहीं होत नाहीं." बहुतेक पेट्या येथेंच बुडतात, शास्त्र न कळल्यामुळें नव्हे, तर लाजेमुळें व घाईमुळें. त्यांतच पांचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास खडकांवर व वाळूवर तपकिरी रंगाचा धुरळा बसूं लागतो, नंतर हिरवें शेवाळ येतें, आणि सुंदर म्हणून मांडलेली पेटी गटारासारखी दिसूं लागते. हा नव्या पेटीचा बालरोग आहे. गोवरासारखा येतो आणि जातो. औषधें ओतूं नयेत. दिवा कमी वेळ लावावा, कांच पुसावी, आणि थांबावें.

इतर सामग्रीविषयीं थोडक्यांत सांगतों. पाणी सतत हालतें पाहिजे, कारण खाऱ्या पाण्यांत गोड्यापेक्षां प्राणवायु कमी विरघळतो व उष्ण पाण्यांत त्याहून कमी. आपल्या पेटीस तासाला दीड ते तीन हजार लिटर पाणी फिरविणारा पंप योग्य. स्किमर म्हणून एक नळकांडें मिळतें. तें बारीक बुडबुड्यांचा फेस करून त्याबरोबर पाण्यांतील चिकट घाण वरच्या पेल्यांत आणून टाकतें. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर जो पिवळट फेस आणून टाकतात तोच हा. प्रवाळ नसेतोंपर्यंत दिवा साधा चालतो. रोज आठ तास पुरे.

उष्णतेचा प्रश्न मात्र आपल्या हवेंत मोठा आहे. युरोपांतील पुस्तकें पाणी तापविण्याचें यंत्र प्रथम सांगतात. कोंकणांत पाणी थंड कसें राखावें हाच प्रश्न. पाण्याचें तापमान २५ ते २७ अंश असावें, आणि वैशाखांत बंद खोली सहज ३२-३३ अंशांवर जाते. पेटीचें झांकण काढून जाळी बसविली व पाण्यावर लहान पंखा फिरता ठेवला तर दोन-तीन अंश उतरतात. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें तेंच हें कारण. पण हवेंत दमटपणा वाढला कीं पंख्याचा उपयोग घटतो, आणि मग शीतयंत्र घ्यावें लागतें. तें महाग असतें व वीजहि खातें. वडिलांच्या प्रश्नाचें खरें उत्तर येथें आहे: पेटीची किंमत हा खर्चाचा आरंभ असून, मीठ, वीज व गाळण्या यांचा खर्च महिन्यामहिन्यास येत राहतो. हा हिशेब घरांत बसून, पेटी आणण्यापूर्वीं करावा. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावाच. विजेच्या तारा भिंतींतील खोबणीकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळ देऊन मग वर न्याव्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलें खारें पाणी झोळाशींच ठिबकून जाईल. आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं बटन बंद करावें. घरांत विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ नसेल तर ती बसविल्यावांचून पेटी आणूं नये.

आतां पाहुण्यांचें स्वागत. पहिले यावे ते दोन-चार समुद्री गोगलगाई व रिकाम्या शंखांत राहणारे छोटे खेकडे. ते शेवाळ व उष्टें खातात. त्यानंतर दोन आठवड्यांनीं विदूषक माशांची जोडी आणावी. २००३ सालच्या एका चित्रपटामुळें हा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा जगांतील प्रत्येक मुलाच्या ओळखीचा झाला आहे. तो मत्स्यशाळेंत उपजविलेलाच घ्यावा. आपल्या देशांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें केरळांतील विळिंजम येथें याच्या पैदाशीची कृति बसविली आहे. पेटींत जन्मलेला मासा पेटीतील अन्न खातो, धीट असतो, आणि त्याच्यासाठीं कोठलाहि खडक रिकामा होत नाहीं. त्यास समुद्रफूल लागतेंच असें नाहीं. त्यावांचून तो सुखानें राहतो. या माशाची एक नवलाची गोष्ट अशी, कीं सर्व पिलें प्रथम नर असतात. जोडींत जो मोठा व वरचढ ठरतो तो मादी होतो. म्हणून एक थोडा मोठा व एक लहान असे दोन घ्यावे.

मासे आणल्यावर पिशवी अर्धा तास पेटींत तरंगत ठेवून तापमान जुळूं द्यावें, मग पेटीतलें पाणी थोडेंथोडें पिशवींत घालीत जावें. शेवटीं मासा जाळीनें उचलून सोडावा, पिशवींतलें पाणी ओतूं नये. खाणें दिवसांतून एकदां-दोनदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. आणखी एक-दोन लहान शांत मासे व एक कोळंबी एवढ्यावर दीडशें लिटरांची पेटी भरली. चपटे, झपाट्यानें पोहणारे मोठे निळे मासे दुकानांत मोह घालतील. त्यांना याच्या तिप्पट-चौपट पेटी हवी. मोरपंखी रंगाचा मँडरिन मासाहि घेऊं नये. तो खडकांवरचे सूक्ष्म जीव टिपून जगतो, आणि नव्या पेटींत ते नसल्यामुळें पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत झिजून मरतो.

पुढील क्रम साधा आहे. रोज भर घालणें, तापमान पाहणें, मासे मोजणें. दर आठवड्यास दहावा भाग पाणी काढून तितकेंच ताजें खारें पाणी घालणें, आणि परीक्षेचे आंकडे टिपणें. पेटी नकोशी झाली तर मासे दुकानांत परत द्यावे किंवा दुसऱ्या छंदी माणसास द्यावे. समुद्रांत मात्र कधींहि सोडूं नयेत. आपल्या बाजूच्या समुद्रांतला काटेरी सिंहमासा १९८५ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर दिसला. तो शोभेच्या पेट्यांतून सुटला असावा असें मानतात. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला असून तेथील माशांचीं पिलें फस्त करीत आहे.

राहतां राहिला सुट्टीचा प्रश्न. मे महिन्यांत सारें घर गांवीं जातें. पेटी जाऊं शकत नाहीं, आणि तो महिना तिला सर्वांत वाईट. शेजारच्या एखाद्या विश्वासू मुलास आधीं आठवडाभर आपल्याबरोबर काम करूं द्यावें. शुद्ध पाण्याचे भरलेले डबे पेटीखालीं ठेवावे, आणि खाद्याच्या प्रत्येक दिवसाच्या वेगळ्या पुड्या बांधून त्यांवर तारखा घालाव्या. कारण शेजाऱ्यांचीं मुलें माशांस उपाशी ठेवीत नाहींत, फार खाऊं घालतात. उरलेला खाद्याचा डबा कपाटांत कुलपांत असावा, आणि पंखा बंद पडल्यास कोणास फोन करावयाचा तें मोठ्या अक्षरांत कांचेवर चिकटवून जावें.